पाळतीला काळजी म्हणू नका

माहेरून आलेलं पत्र सुनेच्या हाती पडण्याआधी घरातल्या कुणीतरी फोडून वाचायचं, हे आपल्या कितीतरी आयाआज्यांनी सोसलं. पत्रं गेली, मोबाईल आला. फोडून वाचण्याची सवय मात्र राहिली. म्हणूनच संगणक-सुरक्षा हा बायकांचाही विषय आहे, असं मी मानते.

या क्षेत्रातल्या बातम्या बहुधा बँकांवरच्या, सरकारी खात्यांवरच्या हल्ल्यांच्या असतात. हल्लेखोर दूरचा, परका. पण तो घरातलाच असेल, पासवर्ड त्याला ठाऊक असेल, फोनही त्यानंच घेऊन दिलेला असेल तर? पाळत ठेवणारी अ‍ॅप्स उघड विकली जातात. फोन काही मिनिटं हाती आला की ती बसवता येतात आणि अनेकदा त्यांचं चिन्हही पडद्यावर दिसत नाही. तिचे निरोप, तिनं कुणाला फोन केला, ती कुठं गेली, सारं त्याला बसल्या जागी कळतं. विकणारे याला ‘मुलांची काळजी’ म्हणतात.

बरं, ही माहिती त्याच्यापाशीच राहते असंही नाही. ती कंपनीच्या संगणकावर साठते, आणि दुसऱ्यांची कुलपं उघडून देणाऱ्या या कंपन्यांची स्वतःची दारं सताड उघडी सापडली आहेत. पोलंडमधल्या ‘लेटमीस्पाय’ या अ‍ॅपनं जमवलेले निरोप आणि ठावठिकाणे जून २०२३मध्ये चोरीला गेले. ऑगस्टमध्ये ते अ‍ॅप बंद झालं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं २०२१ साली ‘स्पायफोन’ कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला या धंद्यातूनच बाहेर काढलं, चोरून जमवलेली माहिती पुसायला लावली.

आपल्याकडेही कायदा आहे. बाईच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं २०१३च्या दुरुस्तीनं गुन्हा ठरलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये ते आहे. नवरा म्हणून वेगळी सवलत त्यात लिहिलेली नाही.

शंका आली तर अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ कुणी बंद केलंय का, अनोळखी अ‍ॅपला कसल्या परवानग्या दिल्यात, हे पाहता येतं. पण सापडलेलं अ‍ॅप तडकाफडकी काढू नका. त्याला लगेच कळेल, मारहाण वाढू शकेल, पुरावाही जाईल. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १८१ या हेल्पलाईनशी किंवा विश्वासाच्या कार्यकर्तीशी बोला, सुरक्षित जागा ठरवा, मग पुढचं पाऊल.

आणि कार्यकर्त्या मैत्रिणींनो, केंद्रात आलेल्या बाईला आपण “मारतो का?” असं विचारतो. त्याबरोबर “तुझा फोन कोण बघतं?” हेही विचारायला लागूया. “काळजीपोटी बघतात हो,” असं उत्तर आलं, तर तिथून पुढं बोलायला बसूया.