रविवार कोणी 'दिला'? गिरणी कामगार, विजेचा दिवा आणि कायद्याची मर्यादा

१/ 'रविवारची सुट्टी ही इंग्रजांची देणगी' हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. त्याला उत्तर म्हणून 'ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली' असे सांगितले जाते. दुसरे विधान सत्याच्या पुष्कळ जवळ आहे. परंतु मिळालेली सुट्टी कायद्यात का लिहावी लागली, हा प्रश्न दोन्हींत सुटतो. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ आरंभ १८८१ पासून करू. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. तो १०० किंवा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई झाली, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आली. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीही नव्हते.

३/ हा कायदा करुणेतून जन्मला, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मुंबईच्या स्वस्त कापडाने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी त्यासाठी रेटा लावला होता. म्हणूनच आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यास विरोध केला. ठळक अपवाद 'मराठा' पत्राचा. आगरकरांच्या प्रभावाखालील त्या पत्राने कामगारांची बाजू घेतली.

४/ विरोधकांचा संशय निराधार नव्हता. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. मँचेस्टरचा हेतू मलिन असला म्हणून परळच्या गिरणीतील मुलाचे श्रम हलके होत नाहीत. या वादात लँकेशायर बोलत होते, मुंबईचे मालक बोलत होते, संपादक बोलत होते. ज्याचे अंग झिजत होते, त्याला कोणी विचारले नव्हते.

५/ तो आवाज सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेतील सभेत उमटला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु'चे संपादक लोखंडे यांनी सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवण्यासाठी निवेदन सिद्ध केले. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाच:
• दर रविवारी सुट्टी
• दुपारी अर्धा तास विश्रांती
• सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम
• पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
• जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

६/ मित्रहो, ही यादी उलट बाजूने वाचा. जो पगार पंधरा तारखेच्या आत मागतो, त्याला तो त्याहून उशिरा मिळत असतो. जो सूर्यास्ताला थांबू द्या म्हणतो, त्याची पहाट कोठे सुरू होत असेल? मागणीपत्र हा शोषणाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मालकांच्या अहवालांइतक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे.

७/ मालकांचे म्हणणे काय होते? आपला उद्योग बाल्यावस्थेत आहे, बंधने आली तर तो बुडेल. येथील मजूर मध्येमध्ये उठून विडी ओढतो, सबब दीर्घ तास त्याला जाचत नाहीत. या युक्तिवादांचा बाज ओळखीचा वाटतो ना? देशासाठी आठवड्याला सत्तर-नव्वद तास राबा, असा उपदेश करणाऱ्यांनी त्यात नवे काहीच घातलेले नाही.

८/ २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. सुपारीबाग ते ही मान्यता, मध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली. ज्यासाठी एवढे झगडावे लागते, त्याला 'देणगी' म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

९/ तरीही ती केवळ मालकांची संमती होती, उद्या मागे घेता आली असती. १८९१ च्या दुरुस्तीने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. स्त्रियांना ११ तासांची, मुलांना ७ तासांची मर्यादा आली. कायद्याची कक्षा १०० वरून ५० कामगारांपर्यंत खाली आली. प्रौढ पुरुषांचे रोजचे तास मात्र पुन्हा मोकळेच राहिले. त्यांना मर्यादा होती ती फक्त सूर्याची.

१०/ आणि १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. सूर्यास्ताचा अडसर संपला. कामाचा दिवस चौदा तासांपलीकडे गेला. कामगार संतापून रस्त्यावर उतरले. चौकशीसमिती झाली, आयोग झाला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा यायला १९११ उजाडले.

११/ या धाग्याचे सार येथे आहे. १९०५ मध्ये मालक एकाएकी क्रूर झाले नव्हते. माणसे तीच होती, फक्त दिवा आला. रविवार कायद्यात होता म्हणून टिकला. संध्याकाळ केवळ रिवाजात होती म्हणून गेली.

१२/ आजचा दिवा म्हणजे आपल्या खिशातील फोन. आणि याच काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. दुकाने व आस्थापनांच्या कायद्याची कक्षाही १० ऐवजी २० कामगारांपासून सुरू करण्याचे ठरले. १८९१ मध्ये खाली आणलेला उंबरठा आपण पुन्हा वर नेत आहोत.

१३/ 'कामगाराची लेखी संमती लागेल', असे समर्थक सांगतात. ज्याच्या घरची चूल त्या पगारावर पेटते, त्याच्या संमतीचे मोल किती? 'नाही' म्हणणाऱ्याची नोकरी शाबूत राहणार असेल तरच 'हो' या शब्दाला अर्थ असतो. १८९० मध्येही गिरणीत कोणी साखळदंडाने बांधलेला नव्हता.

१४/ १० जूनला लोखंडे यांच्या प्रतिमेला हार जरूर घाला. त्याच दिवशी आपले नेमणूकपत्रही काढून वाचा. त्यातील कोणती सवलत कायद्याने बांधलेली आहे आणि कोणती साहेबांच्या मर्जीवर आहे, याची यादी करा. ती दुसरी यादी म्हणजे आपली सुपारीबाग.

(समाप्त)