पाचशे रुपयांची जोडी

परवा सकाळी सहाला बागेच्या वॉचमन काकांचा फोन आला. "साहेब, लवकर या. रात्री कुणीतरी खोका टाकून गेलंय."

खोका म्हटल्यावर पत्रकाराच्या मनात पहिलं काय येतं ते लिहीत नाही. चप्पल घातली आणि पळालो. पोहोचलो तर खोक्यात दोन पांढरे ससे, एकमेकांना चिकटून बसलेले. तिसरा कारंज्यामागे पडला होता, त्याला रात्रीच कुत्र्यांनी गाठलं होतं. खोक्यात अर्धा पाव आणि एक गाजर. म्हणजे टाकणाऱ्याला काळजी नव्हती असं नाही. पाव-गाजर ठेवण्याएवढी होती.

फोटो ग्रुपवर टाकला तर दहा मिनिटांत एका दादांचं उत्तर, "बागेत कशाला टाकले? रानात सोडायचे ना, मोकळे जगले असते."

दादा, तिथंच घोळ आहे. बाजारात मिळतो तो ससा आणि आपल्या शेतात ज्वारीतून उड्या मारत जातो तो रानससा, हे दोन वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, आणि त्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यात गेल्यात. त्याला ना आपलं रान माहीत, ना आपली कुत्री. वर अंग पांढरं, अंधारात लांबून दिसणारं. रानात सोडला काय आणि बागेत सोडला काय, एका रात्रीचा हिशेब. आणि उलट, रानससा पकडून घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बाजारात कुणी "रानातलं पिल्लू" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, वनविभागाला कळवा.

आता टाकणारे कोण, यावर बोलू. राक्षस नसतात हो. माझ्यासारखेच बाप असतात.

सहा वर्षांपूर्वी मुलगी पहिलीत होती. आठवडे बाजारात तिनं हट्ट धरला आणि मी पाचशे रुपयांत जोडी घेतली. विकणारा म्हणाला, "काय लागत नाही साहेब. गाजर टाका, पाला टाका. दोन्ही माद्या आहेत." पत्रकार परिषदेत पुढाऱ्याला पाच प्रश्न विचारणारा मी, त्या माणसाला एकही प्रश्न विचारला नाही.

दोन्ही माद्या नव्हत्या. चार महिन्यांनी पिंजऱ्यात सहा पिल्लं. सशाची मादी महिनाभरात विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, हे मला तेव्हा कळलं. पिल्लं वाटली. कुणाला दिली, ती पुढं जगली का, याची मी कधी चौकशी केली नाही. तेव्हा खोका टाकणाऱ्याला शिव्या द्यायचा मला किती हक्क आहे, तुम्हीच ठरवा.

मग नराचा, म्हणजे कापशाचा, विषय. आम्ही त्याला पोळी, बिस्किट, दुधात भिजवलेला पाव द्यायचो. मजेत खायचा. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजतात गवत चावून चावून. आतडंही गवतावरच चालतं. त्याच्या खाण्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा, सोबत हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. गाजर म्हणजे त्याची मिठाई, कार्टूनवाल्यांनी त्याचं जेवण करून टाकलंय.

एका शनिवारी संध्याकाळी कापशा खाईना. म्हटलं, उद्या खाईल. ससा बारा तास तोंडात काही घेत नसेल तर ती इमर्जन्सी असते, त्याचं आतडं बंद पडायला लागलेलं असतं. आम्हाला कुठं माहीत? दुखणं लपवणारा प्राणी तो, कोपऱ्यात गप्प बसलेला. रविवारी गुरांच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही. मुलीच्या खोकल्याचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप होतं, अमोक्सिसिलिनचं. मीच ड्रॉपरनं पाजलं. मंगळवारी पहाटे तो गेला.

नंतर शहरातल्या एका पशुवैद्याशी बोलताना समजलं, की पेनिसिलिनच्या जातीतली औषधं सशाला तोंडावाटे दिली तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि बऱ्याचदा ससाही. मुलीला आम्ही सांगितलं होतं, "तो आजारीच होता गं." खरं काय ते तिला गेल्या आठवड्यात सांगितलं, आणि आज इथं लिहितोय.

उन्हाचं तर बोलायलाच नको. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं जातो आणि सशाला तिशीच्या वरच त्रास सुरू होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. आणि आपण पिंजरा ठेवतो कुठं? गच्चीवर, पत्र्याखाली.

कायदा आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या यादीत ससा नाव घेऊन लिहिलाय, आणि राज्य मंडळाच्या नोंदणीशिवाय असं दुकान चालवता येत नाही. आपल्या बाजारात कापडावर पिंजरे मांडून बसणाऱ्यांपैकी कुणाकडं तो कागद आहे, एकदा विचारून बघा. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हाच, पण पहिल्या वेळचा दंड त्यात लिहिलाय १० ते ५० रुपये. बागेबाहेर गाडी चुकीची लावली तर जास्त जातात.

"मग पाळूच नये का?" असं विचाराल. पाळा की. आपल्याच गल्लीतला एक कॉलेजचा पोरगा पाळतो. नराचं ऑपरेशन शहरात नेऊन करून घेतलं, म्हशीवाल्याकडून गवत आणतो, दुपारी स्वतःच्या खोलीत कूलरपुढं ठेवतो. कानाला धरून कधी उचलत नाही. महिन्याचा खर्च त्याच्या मोबाईलच्या रिचार्जपेक्षा जास्त आहे म्हणतो. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे पहिलीतल्या पोरीसाठी आणलेला ससा तिच्या दहावीच्या अभ्यासातही घरात असणार, आणि तेव्हा त्याचं बघणार तुम्ही.

बागेतले ते दोघं सध्या माझ्या हॉलमध्ये आहेत. एक नर, एक मादी, या वेळी तपासून घेतलंय आणि वेगळे ठेवलेत. मादीचा मागचा पाय दुखावलाय, उपचार चालू आहेत. कुणाला घ्यायचे असतील तर इनबॉक्समध्ये या. "पोरगी हट्ट करतेय" एवढंच कारण असेल तर नको. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ससा तुमच्या घरात कुठं असेल, त्या जागेचा फोटो आधी पाठवा.