गोळीबरोबर चालणेही लिहून द्यावे

तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर वारणानगर उभे केले. साखर कारखान्यापाठोपाठ दूध संघ आला, वारणा बाजार आला आणि खोऱ्यातील घरांना सुबत्ता लाभली. सुबत्तेच्या मागोमाग येणारी दुखणी आता साऱ्या देशात दिसतात. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला.

सरकारने २०१८ पासून उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रांचे रूप दिले. २०२३ मध्ये त्यांचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नामकरण झाले. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तशर्करा तेथे तपासावी, असे धोरण आहे. प्रश्न तपासणीनंतरचा आहे. गोळी लिहून दिली जाते, तिची मात्रा आणि वेळ सांगितली जाते. "मीठ कमी करा, चालत जा" हे मात्र रुग्ण उठून दाराकडे वळल्यावर सांगितले जाते. किती मीठ? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आणि पापड-लोणचे त्यातच आले. हे कोणी कागदावर लिहून देते काय?

ऑस्ट्रेलियातील कुटुंब-डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ मध्ये औषधाविना उपचारांची पुस्तिकाच सिद्ध केली. कोणाला, किती, किती दिवस आणि कोणाला वर्ज्य, हे तीत औषधाप्रमाणेच नोंदवलेले असते. आपल्याकडचा पुरावाही दुबळा नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांचा चेन्नईच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार-व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्के होते. सल्ला आणि पाठपुरावा यांतील अंतर या आकड्यांत आहे. पाठपुराव्याला माणूस लागतो, त्याचा वेळ लागतो, आणि आपल्या प्राथमिक केंद्रांत नेमकी याचीच टंचाई असते.

शिवाय एकच उपदेश सर्वांना लागू पडत नाही. गळीत हंगामात दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला "व्यायाम करा" म्हणणे ही थट्टाच होय! तिच्या गुडघ्यांना मांडीचे स्नायू बळकट करणारे मोजके व्यायाम हवेत, आणि डोक्यावरचा भार हलका व्हायला हवा. दुसरे काम डॉक्टरांच्या हातचे नाही.

एक इशारा आवश्यक आहे. "औषधाविना मधुमेह बरा" असे संदेश वाचून काहीजण गोळ्या, प्रसंगी इन्सुलिनही सोडतात. हा विश्वास नव्हे, अविचार आहे. जुन्या करारातील सिराखच्या बोधग्रंथात ३७वा अध्याय खादाडपणाविषयी सावध करून संपतो आणि ३८वा वैद्याचा मान राखण्यास सांगून सुरू होतो. दोन्ही लागोपाठ वाचावेत. उपवासकाळातही मधुमेही व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच उपवास धरावा.

वारणेत सोय हाताशी आहे. दूध संकलन केंद्रावर घरटी एक माणूस रोज येतोच. तेथे आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका रक्तदाबयंत्र व वही घेऊन बसली, मागच्या आठवड्यात किती चाललात हे विचारून नोंदवू लागली, तर सहकाराला फारसा खर्च येणार नाही. आपल्या धर्मग्रामांतही रविवारच्या मिस्सानंतर अशी वही ठेवता येईल. निवृत्त परिचारिका बहुतेक ठिकाणी आहेतच.