टेपवरचे गुरुजी

सत्यनारायण गोएंका २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले. तरीही इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं नवं शिबिर सुरू झालं की शिकवायला तेच असतात. सामूहिक बैठकीला सगळे डोळे मिटून बसले की स्पीकरमधून तो भरदार, संथ, शब्द लांबवणारा आवाज येतो. समोर सहायक आचार्य असतात. ते बटण दाबतात, अडलेल्याच्या शंकांना उत्तरं देतात. शिकवण्याचं काम ध्वनिमुद्रणाचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोएंकांनी ही व्यवस्था लावून दिली आणि तेव्हापासून जगभरातली दहा दिवसांची शिबिरं त्याच सूचनांवर, त्याच क्रमाने चालतात.

गुरूच्या पायाशी बसून विद्या घ्यायची सवय असलेल्या आपल्या देशात हे अनेकांना खटकतं. कॅसेट लावून कुठे ध्यान शिकवतात का? मला मात्र वाटतं, या पद्धतीचं खरं बळ कॅसेटच आहे. कॅसेटला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. देणगीदार शेठजींसाठी ती चार वाक्यं जास्त बोलत नाही आणि मागच्या रांगेतल्या हमालाला घाईत उरकत नाही. एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तुरुंगप्रमुख असताना तिहारमध्ये हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. तेव्हा गोएंका स्वतः हजर होते. पुढे तिथे कायमचं केंद्र झालं. कैद्याला मिळणाऱ्या सूचना आणि कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला मिळणाऱ्या सूचना यांत भाषेखेरीज फरक नाही.

गोएंका जन्माने मारवाडी, जन्मगाव ब्रह्मदेशातलं मंडाले, धंदा व्यापार. अर्धशिशीने हैराण होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले, तर तिथे त्यांना आधी नकार मिळाला. डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, असं सांगून. हे ऊ बा खिन म्हणजे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. हिशेबतपासनीस गुरू आणि व्यापारी शिष्य! ही परंपरा काटेकोर का आहे, हे मला तिथेच कळतं. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून धम्मगिरी सुरू झाली.

तिथे कोण येतं? नागपूरकडचा एखादा शिक्षक येतो; त्याच्या घरात बुद्ध धम्मदीक्षेच्या दिवसापासून, १४ ऑक्टोबर १९५६ पासून आहेत. ध्यानाने आंबेडकरी चळवळीची धार बोथट होते, असं म्हणणारे त्याच्याच वस्तीत असतात, आणि तो वाद अगदीच पोकळ नाही. मुंबईचा व्यापारी येतो. घरचा देव न बदलता काही मिळत असेल तर त्याला हवं असतं. सक्तीची लष्करी सेवा आटोपून भारतभर भटकणारा इस्रायली तरुण येतो. तिघांची येण्याची कारणं इतकी वेगळी, की पहिल्या दिवशी गप्पा मारल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी भांडले असते. पण आर्य मौन असतं. फोन जमा, वही-पेन बंद, नजरानजरसुद्धा टाळायची. माणूस ओळखू येतो तो खोकल्यावरून, चपलांवरून. हिंदी सूचना चालू असताना इंग्रजीवाला थांबतो, इंग्रजी चालू असताना हिंदीवाला. एवढा धीर आपण एरवी कुठल्या सभेत दाखवतो?

इगतपुरीचं दुसरं काम फार कमी लोकांना ठाऊक आहे. बौद्ध ग्रंथ ज्या भाषेत आहेत त्या पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत वाचतात, थायलंडमध्ये थाईत, म्यानमारमध्ये बर्मीत. एकच ग्रंथ, पण एका देशाचं पुस्तक दुसऱ्याला वाचता येईना. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झालेल्या सहाव्या संगीतीत तपासलेला त्रिपिटकाचा पाठ इथल्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर चढवला आणि १९९०च्या दशकात सीडीवर आणला. हवी ती लिपी निवडायची, पान त्या लिपीत उघडतं. भिक्खूंच्या कितीतरी परिषदांना न साधलेलं काम एका सीडीने केलं, असं मी म्हणेन.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मग गंमत बघावी. तासाभरात मुंबईवाले मुंबईवाल्यांत, गोरे गोऱ्यांत, इंग्रजी बोलणारे वेगळ्या कोंडाळ्यात. जात, वर्ग, भाषा सगळं जागच्या जागी परत येतं. दहा दिवसांत माणुसकीचा पूल बांधून देतो, असा दावा कोणी करत असेल तर त्यावर माझा विश्वास नाही. पण शेजारच्या आसनावरचा माणूस आपल्याइतकाच गुडघ्यांनी कळवळत होता, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, आणि तेवढं खरं असतं.

हल्ली ध्यानाची अ‍ॅप्स आली आहेत. सलग किती दिवस बसलात ते मोजतात, शाबासकी देतात. ज्याला सोयीचं वाटतं त्याने वापरावं. पण त्यात प्रत्येकजण आपल्या हेडफोनपुरता असतो. न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसायची वेळच येत नाही. माझं मत जुन्या कॅसेटच्या बाजूने आहे.

कोणाला जायचं असेल तर राहण्या-जेवणाचे पैसे लागत नाहीत. खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर ते लपवू नका, अर्जात विचारतातच. आणि दहा दिवस फोन सोडायचा असला तरी अर्ज सहसा ऑनलाइनच भरावा लागतो.