कायदा आहे, सांगणारा नाही

नवऱ्याने मध्यरात्री घराबाहेर काढलेली स्त्री सहसा एकच समजूत घेऊन माहेरची वाट धरते: घर त्याचे, म्हणून मुलेही त्याचीच. ही समजूत कायद्याने केव्हाच मोडीत काढली आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 च्या कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर कोणाच्याही नावावर असो. घटस्फोटाचा दावा न लावताही ती दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण, निर्वाहखर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागू शकते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे हिंदूंपुरता 1956 चा कायदा सांगतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तरीही ती मुकाट्याने त्याच घरात परतते. कारण हे तिला सांगणारे कोणी भेटत नाही. भेटतात ते ‘समजुतीने घ्या’ म्हणणारे. हक्कांची माहिती देऊन अर्ज करण्यास साहाय्य करणे, हे संरक्षण अधिकाऱ्याचे काम. पण कायदा 2006 साली अमलात आला आणि हे अधिकारी सर्वत्र नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 साली राज्यांना बजावावे लागले!

प्रत्येक तालुक्यात पूर्णवेळ संरक्षण अधिकारी हवा, ही मागणी स्त्रियांच्या व श्रमिकांच्या संघटनांनी एकजुटीने लावून धरली पाहिजे. शेतमजूर स्त्रीला ज्याचा पत्ता नाही, तो हक्क राजपत्रातच पडून राहतो.