खेळ खेळणारे आणि खेळ रचणारे

व्हिडिओ गेम हा शब्द कानीं पडतांच आमच्या पालकवर्गाच्या कपाळास आठी पडते, आणि ती अगदींच निष्कारण आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. घरांत मोबाइल एकच. वडिलांचें काम, आईचे निरोप, धाकट्या बहिणीचा अभ्यास, सर्व त्यावरच अवलंबून. असें असतां थोरल्या चिरंजीवांनीं तो दोन दोन तास अडवून ठेविला, तर कोणती माउली गप्प बसेल? तथापि या रागाच्या भरांत एक भेद नजरेआड होतो. दुसऱ्यानें रचलेल्या खेळांत रमणें निराळें, आणि खेळाची भूमि स्वतः रचणें निराळें.

कित्येक खेळांबरोबर ‘लेव्हल एडिटर’ नांवाचें साधन मिळतें. त्याच्या योगें भिंती, जिने, पाणी, उजेड, शत्रूचे अड्डे आणि सुटकेच्या वाटा आपण स्वतः मांडूं शकतों, व तो नकाशा दुसऱ्यास खेळावयास देऊं शकतों. ही कल्पना कालपरवांची नव्हे. १९८३ सालीं निघालेल्या ‘लोड रनर’ या खेळांत १५० पातळ्या तयार होत्याच, शिवाय नव्या रचण्याची सोयही होती. पुढें ‘वॉरक्राफ्ट ३’ च्या एडिटरांत हौशी मंडळींनीं २००३ सालीं ‘डिफेन्स ऑफ दि एन्शंट्स’ हा नकाशा बनविला, व त्यापासून खेळांची एक स्वतंत्र शाखाच उदयास आली.

ज्यांना हें सारें परकें वाटेल, त्यांनीं दिवाळींतला किल्ला आठवावा. दगडमाती, विटा, फाटकें गोणपाट एवढ्या सामग्रीवर बुरूज उभे राहतात, मोहरी किंवा अळीव पेरून रानें उगवितात, आणि महाराज सिंहासनावर बसण्यापूर्वीं दरवाजा कोठें ठेवावा यावर सडकून भांडण होतें. शिवकालीन किल्ल्यांच्या गोमुखी बांधणींत दरवाजा बुरुजांच्या आड दडविलेला असतो, तो चढून येणाऱ्या शत्रूस समोरून दिसूं नये म्हणून. रायगडचा महादरवाजा याच जातीचा. संगणकापुढें बसून नकाशा रचणारा मुलगा हेंच कोडें सोडवीत असतो. ‘माइनक्राफ्ट’ या खेळांत खेळाडू एका ठोकळ्याइतकी उडी मारतो, दोन ठोकळ्यांइतकी नाहीं. एवढ्या नियमावर कोठें वाट आणि कोठें अटकाव हें सारें ठरवावें लागतें.

पहिला नकाशा बहुधा फसतो. रचणारास सर्व वाटा ठाऊक असतात, म्हणून त्या उघड्याच आहेत असें त्यास वाटतें. मित्र मात्र पहिल्याच वळणावर अडकतो. अशा वेळीं तोंड मिटून मागें उभें राहावें, कोठें अडलें तें पाहावें, आणि मग दिव्याची जागा किंवा दाराचें तोंड बदलावें. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहण्याची इतकी रोखठोक तालीम निबंधाच्या वहींत क्वचितच मिळते.

गोवंडीच्या मुलांना तर या विद्येची विशेष गरज आहे. मुंबई महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालांत ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सर्वांत शेवटीं लागला, त्यांत गोवंडी मोडते. येथील नटवर पारेख वसाहतींत इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या आहेत कीं, खालच्या खोल्यांत धड ऊन पोहोंचत नाहीं. ज्यांनीं तो नकाशा काढला त्यांना तेथें राहावयाचें नव्हतें. राहावें लागलें तें आमच्या मुलांना. २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ या संस्थेनें ‘माइनक्राफ्ट’ करणाऱ्या ‘मोजांग’ कंपनीबरोबर ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम आरंभिला. त्यांत वस्तींतील स्त्रिया आणि मुलें आपल्या मैदानाचा वा बागेचा आराखडा ठोकळ्यांनीं रचून दाखवितात. एम-पूर्व विभागांतील एका बागेसाठींही हा मार्ग अवलंबिला गेला. कागदावरील नकाशा ज्यांस वाचतां येत नाहीं, तेही त्या ठोकळ्यांच्या जगांत फिरून ‘येथें दिवा हवा, ही भिंत नको’ असें सांगूं शकतात.

म्हणून आमचें मत असें कीं, आठवड्यांतून एक तास शाळेच्या संगणककक्षांत या कामास द्यावा. घरच्या मोबाइलवर हा उद्योग नको. तेथें पैसे मागणाऱ्या खेळांची भुरळ फार, आणि डोळ्यांसही तें बरें नव्हे. खर्चाची सबब मात्र टिकणारी नाहीं. ‘लुआंटी’, म्हणजे पूर्वीचें ‘माइनटेस्ट’, हें साधन निःशुल्क आहे व साध्या संगणकावर चालतें. नकाशा दोघांनीं मिळून रचावा, आणि आधीं चौकटीच्या वहींत काढावा. पहिला नकाशा आपल्या शाळेच्याच आवाराचा असूं द्या: टेप घेऊन व्हरांडा मोजा, जिन्याच्या पायऱ्या मोजा, दुपारीं सावली कोठें पडते तें पाहा. तो पुरा झाला म्हणजे पालकसभेच्या दिवशीं पालकांनाच खेळावयास बसवा, आणि कोण कोण जिन्यापाशीं अडकतात तें वहींत टिपून ठेवा.