पानांचा आकडा आधी, चूल नंतर : केटरर, आचारी व वाढपी यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, महानगरपालिका
प्रत माहितीसाठी : मंगल कार्यालयांचे मालक व चालक; कृषी उत्पन्न बाजार समिती

विषय : लग्नकार्यांतील अन्न वाया जाणे थांबवण्यासाठी करायच्या तरतुदी

महोदय,

गेल्या वैशाखात आमच्या संघटनेच्या एका सभासदाकडे सातशे पानांचे लग्न होते. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांचा. आचाऱ्याने अकरालाच भात उतरवला, कारण अक्षता पडल्या की लोक थेट जेवणाकडे वळतात आणि त्या वेळी भात व्हायचाय असे सांगायची सोय नसते. बाराच्या सुमारास वळवाने गाठले. लांबची माणसे रस्त्यात अडकली, गावातली घरीच बसली. पाने झाली साडेचारशे. तीन वाजता मागच्या अंगणात मसालेभाताची दोन पातेली झाकणही न उघडलेली, वरणाचे एक, मठ्ठ्याचे पिंप अर्धे आणि जिलब्यांच्या चार पराती. मग फोन सुरू झाले. एका वसतिगृहात रात्रीचा स्वयंपाक चुलीवर चढला होता. एका संस्थेकडे माणसे होती, गाडी नव्हती. तिसऱ्यांनी विचारले, ‘‘किती वाजता शिजवलंय?’’ प्रश्न बरोबर होता, आमच्याकडचे उत्तर बरे नव्हते. पाचला कार्यालय रिकामे करायचे होते. संध्याकाळच्या स्वागतसमारंभाचे डेकोरेशनवाले दारात येऊन उभे होते. जिलब्या वाढप्यांनी आणि भांडी घासणाऱ्या बायकांनी घरी नेल्या. भात कचऱ्याच्या गाडीत गेला. तो ओतताना आचारी तिथे थांबला नाही.

हात धुण्याच्या जागी ‘अन्न वाया घालवू नका’ असा फलक बहुतेक कार्यालयांत असतो. तो वाचेपर्यंत माणसाचे जेवून झालेले असते. शिवाय फलकाला उरलेले आणि उष्टे यांतला फरक कळत नाही. पातेल्यात राहिले ते उरलेले. ते माणसाच्या पोटात जाऊ शकते. पानात राहिले ते उष्टे. त्याचा गॅस होईल, खत होईल, पण जेवण पुन्हा होणार नाही. भाजी निवडताना निघणारी देठे-साली हा तिसरा प्रकार. कचऱ्याचे नियम करणाऱ्यांनी या तिन्हींना ‘ओला कचरा’ या एकाच डब्यात टाकले आहे, आणि आमच्या बहुतेक तक्रारी तिथून सुरू होतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा, २८ टक्के हॉटेले, खानावळी आणि आमच्यासारख्यांचा. हा वाटा नाकारायला हे पत्र लिहिलेले नाही. त्यातला जो भाग आमच्या हातात आहे तो कमी करायला आम्ही तयार आहोत, आणि जो आमच्या हातात नाही त्यासाठी पुढील मागण्या आहेत.

पहिली मागणी पानांच्या आकड्याची, आणि आमच्या दृष्टीने तीच मुख्य. अन्न वाया जायचे ते चूल पेटण्याआधीच ठरलेले असते. यजमान महिनाभर आधी सातशे पाने सांगतो, कारण मोजकी सांगितली आणि कमी पडले तर व्याही आयुष्यभर उणे काढतील ही धास्ती. केटरर त्यावर दहा टक्के जास्त धरतो, कारण तीच धास्ती त्यालाही आहे. आचारी दोघांवर विश्वास न ठेवता आणखी पसाभर तांदूळ टाकतो. बिल मात्र हमीच्या आकड्यावर निघते. साडेचारशे जेवले तरी पैसे सातशेंचे. स्पष्टच सांगायचे तर या पद्धतीत उरलेल्या अन्नाचा तोटा आम्हाला होत नाही, म्हणून ते उरू नये याची घाईही आम्हाला नव्हती. संघटनेच्या बैठकीत हे वाक्य पत्रात घालावे की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी घालायचे ठरले.

म्हणून शासनाने एक नमुना करारनामा काढावा आणि कार्यालयाच्या आरक्षणाच्या पावतीबरोबर तो भरणे सक्तीचे करावे. त्यात तीन गोष्टी हव्यात. अंतिम आकडा कार्याच्या ४८ तास आधी लेखी द्यावा. बिलाचे दोन भाग असावेत : भांडी, माणसे, गाडी यांचा ठरलेला खर्च वेगळा आणि प्रत्यक्ष झालेल्या पानांचा वेगळा, म्हणजे कमी शिजवण्यात दोघांचाही फायदा राहील. तिसरी गोष्ट कार्यालयांसंबंधी आहे. भात आणि पुऱ्या दोन टप्प्यांत करता आल्या तर निम्मे काम होते. पहिली पंगत बसली की अनुभवी आचाऱ्याला मांडवावर एक नजर टाकून पुढचा अंदाज येतो. पण अनेक कार्यालयांत दुपारी एकला चूल बंद करायला लावतात. ती तीनपर्यंत चालू ठेवायची मुभा करारातच असावी.

पाहुण्यांच्या संख्येवर किंवा पदार्थांच्या संख्येवर सरकारी मर्यादा आम्हाला नको आहे. साठ-सत्तरच्या दशकांत धान्यटंचाई असताना असे आदेश या देशात निघाले होते. टंचाईच्या काळात ते समजण्यासारखे होते. आज तसा आदेश निघाला तर तो मोडण्याच्या युक्त्या शोधायचे कामही यजमान आम्हालाच सांगतील.

पंगत बरी की बुफे, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक चर्चेत विचारतात. पंगतीत आग्रहाने नासते हे खरे, पण मुरलेला वाढपी पानावर आडवा येणारा हात ओळखतो. खरा ‘नको’ कोणता आणि लाजेचा ‘नको’ कोणता हे त्याला कळते. बुफेत माणूस स्वतःच वाढून घेतो, तरी उष्टे जास्त पडते. पुन्हा रांगेत उभे राहायला नको म्हणून तो एकाच फेरीत भात, पुरी, जिलबी आणि पाणीपुरी एका ताटात रचतो. ताट लहान केले आणि रांगा वाढवल्या की यात फरक पडतो, हे आम्ही करून पाहिले आहे. यासाठी सरकारकडे काही मागायचे नाही; ते आमचे आम्ही करू.

दुसरी मागणी उरलेल्या अन्नाची. यासाठी नियम आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेले अन्न गोळा करण्याचे व वाटण्याचे विनियम काढले, ते चांगले आहेत. अडचण घड्याळाची आहे. शिजवलेले अन्न एक तर ६० अंशांवर गरम राहिले पाहिजे, नाही तर लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली नेले पाहिजे. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवणे धोक्याचे. वर सांगितलेल्या लग्नातला भात अकराला उतरला. अन्न उरले आहे हे कळायला तीन वाजले. म्हणजे कळण्याआधीच वेळ संपली होती, आणि ‘किती वाजता शिजवलंय’ विचारणारी संस्था बरोबरच होती. वैशाखातल्या उकाड्यात पातेले नुसते झाकून ठेवणे म्हणजे भात आंबवणे.

यावर उपाय दोन. एक आमच्याकडे : जादा पातेली उतरल्याबरोबर उष्णतारोधक पेट्यांत भरायची आणि झाकणावर शिजवल्याची वेळ खडूने लिहायची. दुसरा आपल्याकडे : जिथे मंगल कार्यालये ओळीने आहेत अशा प्रत्येक पट्ट्यात महापालिकेने एक शीतखोली आणि एक झाकलेली गाडी ठेवावी. मुहूर्ताच्या दिवशी ती सकाळी अकरा ते रात्री बारा चालू असावी आणि तिचा फोन नंबर कार्यालयाच्या भिंतीवर असावा. संस्थांची यादी आज आमच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. गाडी कोणाकडेच नाही.

शिवाय जबाबदारी कुठे संपते हे लिहून मिळावे. अमेरिकेत १९९६ पासून असा कायदा आहे की चांगल्या हेतूने अन्न दान करणाऱ्यावर पुढे काही झाल्यास दावा लागत नाही. घोर निष्काळजीपणाला मात्र त्यात माफी नाही. आम्हालाही तेवढेच हवे. शिजवल्याची वेळ, देण्याची वेळ, देतानाचे तापमान आणि दोघांच्या सह्या एवढी चार ओळींची पावती शासनाने ठरवून द्यावी, आणि ती जवळ असलेल्याला दात्याचे संरक्षण मिळावे. तोवर ‘देऊन अंगाशी येण्यापेक्षा टाकलेले बरे’ असेच आमचे लोक म्हणत राहतील.

तिसरी मागणी उष्ट्याची. घंटागाडी सकाळी येते. लग्नाचे खरकटे तयार होते दुपारी तीनला आणि रात्री अकराला. रात्रीचे खरकटे सकाळपर्यंत तिथेच सडते, कुत्री पिशव्या फाडतात, आणि वेगळे केलेले सगळे पुन्हा एकत्र होते. मुहूर्ताच्या दिवशी रात्रीची एक ओल्या कचऱ्याची फेरी ठेवावी. पंचांग महापालिकेकडेही असेलच.

याहून मोठी गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला मोठा कचरा उत्पादक ठरवले आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. मंगल कार्यालयात एका लग्नात तेवढे खरकटे सहज पडते. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय जवळजवळ ओसाड असते, त्यामुळे वर्षाची सरासरी काढली की आकडा आपोआप खाली येतो आणि कार्यालय सुटते. आमची मागणी अशी की मंगल कार्यालये, लॉन व सभागृहे यांचा हिशेब कार्याच्या दिवसावर करावा.

त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र बायोगॅस संयंत्र चालणार नाही. तंत्र आपल्याच मातीतले आहे : पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र केले, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभे केले. पण संयंत्रातले जिवाणू रोज जेवतात, चातुर्मास पाळत नाहीत. चार महिने उपाशी ठेवले की ते मंदावतात, आणि मग मार्गशीर्षात संयंत्र शोभेला उरते. म्हणून आठ-दहा कार्यालयांमागे एक सामायिक संयंत्र भाजी मंडईजवळ असावे. लग्ने नसतील तेव्हा मंडईचा पाला त्याला मिळेल, आणि आमची देठे-सालीही तिथेच जातील. जागा महापालिकेने द्यावी, चालवण्याच्या खर्चातला वाटा कार्यालये आणि आम्ही उचलू.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. तळणीचे तेल एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेल्यावर वापरायचे नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची, हे नियम आम्हाला माहीत आहेत. पण आमची कढई रोज वेगळ्या गावात असते. तेल नेणारी अधिकृत गाडी एका ठरावीक पत्त्यावर येते आणि मागच्या दाराने रोख पैसे देणारा मात्र कुठेही पोचतो. विभागवार संकलन केंद्रे असली तर हा माणूस आपोआप बाद होईल. उष्णतारोधक पेट्या, शीतपेट्या, तापमापक यांवर अनुदान हवे. केटरिंगवर ५ टक्के जीएसटी आहे, पण साहित्यावर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही, त्यामुळे चांगली साधने घेणाऱ्यालाच भुर्दंड बसतो. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर थर्माकोलची पाने गेली, पण २०० मिलीच्या पाण्याच्या बाटल्या आल्या, त्यातल्या कितीतरी निम्म्या भरलेल्या टाकल्या जातात. कार्यालयात पिण्याच्या शुद्ध पाण्याचा नळ आणि स्टीलचे पेले ही परवान्याची अट करावी.

बाजार समितीकडे एकच मागणे. लुधियानाच्या काढणीपश्चात संशोधन संस्थेने २०१५ च्या अभ्यासात फळांचे नुकसान ६.७ ते १५.८८ टक्के आणि भाज्यांचे ४.५८ ते १२.४४ टक्के दाखवले आहे. वाकडी काकडी आणि बारका टोमॅटो शेतकऱ्याला परत न्यावा लागतो किंवा तिथेच टाकावा लागतो. आमच्या कोशिंबिरीत काकडी वाकडी की सरळ हे कोणालाही ओळखता येत नाही. अशा मालाचा वेगळा गाळा ठेवा. आम्ही रोजचे गिऱ्हाईक होऊ.

आता आमची बाजू. येत्या हंगामापासून संघटनेचा प्रत्येक सभासद प्रत्येक कार्यातले उरलेले आणि उष्टे वेगवेगळे वजन करून बिलावर लिहील. यजमानाला ते वाचून वाईट वाटेल, आणि वाटावे. जादा दहा टक्के धरायची पद्धत आम्ही आमच्याकडून पाचवर आणू. एखाद्या यजमानाने ४८ तास आधी दिलेला आकडा खरा ठरवला तर त्याला बिलात सूट देऊ. वाढप्यांच्या मजुरीतून मात्र नासाडीचा दंड कापला जाऊ नये. काही ठिकाणी तसे झाले आहे. वाढप्याच्या हातात फक्त पळी असते, आकडा नसतो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील. त्याआधी बैठकीची तारीख द्यावी ही विनंती. बैठकीला आपल्याकडून किती जण येणार ते दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे चहा तेवढाच टाकू.

आपले नम्र,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद